देखावा, जत्रा आणि परदेश : मराठी प्रवासवर्णनाच्या अभिरुचीविषयी

परदेशी गेलेला मराठी माणूस तेथे काय पाहतो आणि परत आल्यावर काय पाहिल्याचे लिहितो, या दोन गोष्टींत बरेच अंतर असते. लिहिताना तो वस्तुसंग्रहालये, चित्रदालने, नाट्यगृहे आणि विद्यापीठे यांविषयी लिहितो. प्रत्यक्षात त्याच्या दिवसाचा मोठा भाग मेणाचे पुतळे, नकली किल्ले, सिमेंटचे राक्षस आणि दर तासाला बाहेर येऊन ओरडणारा लाकडी पक्षी असलेली घड्याळे पाहण्यात गेलेला असतो. त्या वेळी त्याला मौज वाटलेली असते. लेखणी हाती घेताच ती लाजिरवाणी वाटू लागते. ही लाज कोठून येते आणि तिच्यामुळे आपल्या प्रवासवर्णनाचे काय नुकसान झाले, याचा विचार प्रस्तुत निबंधात करावयाचा आहे.

अशा स्थळांना पाश्चात्त्य कलाविचारात ‘किच’ असा शब्द आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात म्युनिकच्या चित्रबाजारात स्वस्त, झटपट आणि भावूक चित्रांसाठी तो रूढ झाला. क्लेमेंट ग्रीनबर्ग यांनी १९३९ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात त्याला अभिजात आणि प्रयोगशील कलेचा शत्रू ठरविले. मिलान कुंदेरा यांनी १९८४ च्या कादंबरीत त्याचा अधिक सूक्ष्म अर्थ लावला : एखाद्या दृश्याने आपण हेलावतो, आणि लगेच सर्व मानवजातीसह आपण हेलावलो म्हणून दुसऱ्यांदा हेलावतो, किच या दुसऱ्या हेलावण्यात असते. सूझन सोंटाग यांनी १९६४ साली ‘कॅम्प’विषयीच्या टिपणांत तिसरी वाट दाखविली. वाईट अभिरुचीची वस्तू ती वाईट आहे हे ओळखून आवडीने पाहणारा रसिक त्यांनी वर्णिला. आज परदेशात मुद्दाम विचित्र, बटबटीत स्थळे शोधत हिंडणारा सुशिक्षित प्रवासी याच रसिकाचा वंशज होय.

मराठीत ‘किच’ला ‘बटबटीत’, ‘सवंग’, ‘बाजारू’ असे प्रतिशब्द सुचविले जातात. हे सर्व शब्द निकाल देणारे आहेत. माझ्या मते आपल्याकडे याहून उपयोगी शब्द पूर्वीपासून आहे, तो म्हणजे ‘देखावा’. सृष्टीचा देखावा म्हणताना तो शब्द सौंदर्य सांगतो; गणपतीचा देखावा म्हणताना मंडळाच्या कार्यकर्त्यांनी रात्री जागून उभारलेली रचना सांगतो; आणि ‘हा सगळा देखावा आहे’ म्हणताना तोच शब्द ढोंग सांगतो. सौंदर्य, श्रम आणि ढोंग एकाच शब्दात नांदतात आणि वाक्याच्या ओघात आपण त्यांतला हवा तो अर्थ सहज उचलतो. २०१८ च्या थर्मोकोलबंदीपूर्वी गावोगावच्या मंडपांत थर्मोकोलचे राजवाडे आणि ताजमहाल उभे राहत. ते पाहणाऱ्यांपैकी कोणालाही तो खरा ताजमहाल वाटत नव्हता, तरी रांग लागे. फसवणूक न होताही नकलेत आनंद घेता येतो, ही गोष्ट आपल्या प्रेक्षकाला शिकवावी लागत नाही.

मग मराठी प्रवासवर्णनात हा प्रेक्षक का दिसत नाही? त्याचे कारण या वाङ्मयप्रकाराच्या घडणीत आहे. पंडिता रमाबाईंचे ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ (१८८९) हे पुस्तक एका परक्या समाजाच्या संस्था, शिक्षण आणि स्त्रीजीवन समजून घेण्यासाठी लिहिलेले आहे. अनंत काणेकरांचे ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ (१९४०) शीर्षकापासूनच एका विचाराच्या दिशेने निघते. पारतंत्र्यातील देशाचा लेखक परदेशी जातो तो काहीतरी घेऊन परतण्यासाठी, आणि म्हणून त्याच्या पाहण्यावर कर्तव्याचे ओझे असते. हे ओझे त्या काळी योग्यच होते. स्वातंत्र्यानंतर परिस्थिती बदलली, पु. ल. देशपांडे यांच्या ‘अपूर्वाई’ने (१९६०) प्रवासवर्णनाला हसायला शिकविले, तरी मोजमापाची काठी तीच राहिली. पुलंच्या विनोदाचा रोख बहुधा परदेशी गेलेल्या आपल्याच मध्यमवर्गीय गोंधळाकडे असतो. ‘बटाट्याची चाळ’मधील भ्रमण मंडळाची सहल आठवावी : प्रवासाच्या थाटाचा देखावा आणि मुक्काम मात्र पुण्यापर्यंत. पर्यटक या प्राण्याचे इतके मायाळू व्यंगचित्र मराठीत दुसरे नाही. पण ते व्यंगचित्रच आहे. मीना प्रभूंच्या पुस्तकांनी पुढे स्वतः आखलेल्या, अभ्यासपूर्ण प्रवासाचा आदर्श घालून दिला आणि गटाने जाणारा पर्यटक वाङ्मयाच्या कक्षेबाहेरच राहिला.

याच काळात प्रत्यक्ष प्रवास मात्र बदलत गेला. केसरीसारख्या मराठी सहल संस्थांनी १९८० च्या दशकापासून मध्यमवर्गाला आधी देशात आणि मग देशाबाहेर नेले. लातूर-नांदेडकडचे निवृत्त शिक्षक, व्यापारी, डॉक्टर सिंगापूर-मलेशिया-थायलंड आणि नंतर युरोप पाहून आले. (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीनंतर बँकॉक-दुबईच्या आंतरराष्ट्रीय परिषदांना जे भरते आले, त्यांतील ‘स्थलदर्शन’ या सत्राविषयी प्राध्यापक वाचकांना अधिक सांगण्याची गरज नाही.) या मंडळींनी जे पाहिले त्याचे वर्णन करण्याची भाषा आपल्या समीक्षेने घडविलीच नाही. डीन मॅकॅनेल यांनी १९७६ सालीच नोंदवून ठेवले आहे की पर्यटकांना इतर पर्यटक नकोसे वाटणे हा पर्यटनाचाच भाग आहे. ‘आम्ही प्रवासी, ते पर्यटक’ हे वाक्य त्यामुळे अभिरुचीविषयी थोडे आणि सामाजिक स्थानाविषयी बरेच काही सांगते.

एक उदाहरण विस्ताराने पाहू. सिंगापुरात ‘हॉ पार व्हिला’ नावाची बाग आहे. ज्या टायगर बामची षट्कोनी बाटली आपल्याकडेही अनेक घरांत असते, त्याचे उत्पादक ऑ बून हॉ आणि ऑ बून पार हे बंधू मूळचे रंगूनचे. थोरल्याने धाकट्यासाठी टेकडीवर वाडा बांधला आणि त्याभोवती १९३७ साली ही बाग उभारली. चिनी पुराणकथा व नीतिकथांतील प्रसंग सिमेंटमध्ये घडवून भडक रंगांत रंगविले. आज तेथे हजाराहून अधिक मूर्ती आहेत. सहल संस्थांचा गट येथे क्वचितच थांबतो. पाश्चात्त्य प्रवासी मात्र जगातील विचित्र स्थळांच्या याद्यांमधून तिचा पत्ता काढून येतो, खेकड्याचे धड असलेल्या माणसासमोर छायाचित्र काढतो आणि हसत परततो.

बागेचे मुख्य आकर्षण ‘नरकाचे दहा दरबार’ हे आहे. मृतात्मे एकामागून एक दहा न्यायाधीशांपुढे उभे राहतात आणि पापानुसार शिक्षा भोगतात : कोणाची जीभ उपटली जाते, कोणी जात्यात भरडला जातो, कोणाला सुऱ्यांच्या डोंगरावर फेकले जाते. पुस्तकांचा गैरवापर करणाऱ्याला आणि अन्न वाया घालविणाऱ्याला करवतीने कापतात. परीक्षेत कॉपी करणाऱ्याची आतडी बाहेर काढतात. (लातूर पॅटर्नच्या प्रदेशातील परीक्षा-नियंत्रकांनी ही तरतूद अवश्य पाहावी.) शेवटी आत्म्याला विस्मृतीचे पेय पाजून पुनर्जन्माला धाडले जाते.

पाश्चात्त्य प्रवाशाला यात विक्षिप्तपणा दिसतो. मराठवाड्यातील प्रेक्षकाला तेथे काय दिसेल? माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत किंवा लातूरच्या सिद्धेश्वर यात्रेत हिंडलेल्या माणसाला यमलोकाची ती रंगीत चित्रे आठवतील : उकळत्या कढया, करवती, आणि प्रत्येक शिक्षेखाली लिहिलेले पाप. हे साम्य योगायोगाचे नाही. चिनी नरकाचा यानलुओ हा आपल्या यमराजाच्या नावाचाच चिनी उच्चार आहे. बौद्ध धर्माबरोबर तो येथूनच तिकडे गेला. याच बागेत ‘पश्चिमेची यात्रा’ या चिनी कादंबरीतील देखावेही आहेत. त्या कथेतील भिक्षू म्हणजे सातव्या शतकात भारतात आलेला आणि पुलकेशीच्या महाराष्ट्राविषयी लिहून ठेवणारा ह्युएनत्संग. आपल्या भूमीचे वर्णन करणारा परदेशी प्रवासी सिंगापुरात सिमेंटच्या रूपात, माकड आणि डुक्कर यांच्या सोबतीने उभा आहे. मराठी प्रवासवर्णनाला याहून मोठा विषय कोणता हवा? ‘बटबटीत’ म्हणून पाठ फिरविणाऱ्या अभिजनाला हा धागा दिसत नाही आणि विक्षिप्तपणा शोधत आलेल्या रसिकालाही दिसत नाही. ओळख पटण्याची शक्यता जत्रेत वाढलेल्या प्रेक्षकालाच अधिक आहे. त्याने ती लिहावी अशी अपेक्षा मात्र कोणी केली नाही.

या बागेचा पुढचा इतिहासही बोधक आहे. सरकारने १९८५ साली जागा संपादित केली आणि १९९० मध्ये ‘ड्रॅगन वर्ल्ड’ या नावाने तिचे आधुनिक मनोरंजन-उद्यान केले. पाण्यातील सफर आली, तिकीट आले. सुरुवातीच्या गर्दीनंतर लोकांनी पाठ फिरविली आणि पुढे बागेचा प्रवेश पुन्हा विनामूल्य करावा लागला. नरकाचे दरबार २०२१ पासून मृत्यूविषयक संग्रहालयाचा भाग आहेत आणि तेवढ्यासाठी तिकीट आहे. जुन्या बागेत सिंगापूरचे आईवडील मुलांना नीती शिकविण्यासाठी, म्हणजे चांगलेच घाबरविण्यासाठी, आणत असत. नव्या उद्यानात भीती उरली नाही, केवळ सफर उरली. तेव्हा सिमेंट आणि भडक रंग यांना दोष देणे पुरेसे नाही. त्यांच्यामागे कोणाचा कोणता हेतू आणि श्रद्धा आहे, हे पाहिल्याशिवाय निकाल देता येत नाही.

याच शहरातील मर्लायन हे वेगळे प्रकरण आहे. सिंहमुख आणि माशाचे शरीर असलेली ही आकृती फ्रेझर-ब्रुनर यांनी १९६४ साली पर्यटन मंडळाच्या बोधचिन्हासाठी आखली; लिम नांग सेंग यांनी घडविलेला पुतळा १९७२ मध्ये उभा राहिला. तिच्यामागे पुराण नाही, कार्यालय आहे. सेंटोसा बेटावरील तिची सदतीस मीटरची प्रतिकृती २०१९ मध्ये बंद करून पाडण्यात आली. तरीही पाणी ओकणाऱ्या मूळ पुतळ्यापुढे ओंजळ धरून छायाचित्र काढून न घेतलेला मराठी पर्यटक विरळा.

येथे एक आक्षेप येईल. सर्वच देखाव्यांना अशी सहानुभूती दिली तर समीक्षेला काम काय उरते? आक्षेप रास्त आहे. व्हेरोनातील ज्युलिएटच्या घराचा सज्जा विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात जोडलेला आहे, आणि अंगणातील तिच्या पुतळ्याला भाग्यासाठी पर्यटकांनी इतके हात लावले की २०१४ साली मूळ पुतळा आत हलवून बाहेर नक्कल ठेवावी लागली. एका काल्पनिक मुलीच्या नावाने हे चालते. यात विनोद आहे, आणि पुतळ्याच्या ज्या अवयवाला हात लावला जातो त्यामुळे ओंगळपणाही. लंडनमधील शेरलॉक होम्सचे संग्रहालय १९९० चे; परंतु त्याच्या पत्त्यावर येणाऱ्या पत्रांना उत्तरे देण्यासाठी एका पतसंस्थेने कित्येक दशके स्वतंत्र सचिव ठेवला होता. हा देखावा वाचकांच्या प्रेमातून उगवला आहे. रुमानियात सिगिशोआरा या मध्ययुगीन नगराजवळ ड्रॅक्युलाच्या नावाने मनोरंजन-उद्यान काढण्याची योजना २००१ मध्ये पुढे आली, तेव्हा मात्र देशात आणि बाहेर विरोध झाला आणि ती सोडून द्यावी लागली. ब्रॅम स्टोकर स्वतः रुमानियाला कधी गेला नव्हता. परक्याने रचलेली भीती एका जिवंत गावावर त्याचा चेहरा म्हणून चढविली जाणार होती. निकाल द्यायचा तो अशा ठिकाणी : देखावा आपल्या जागेशी बोलतो, की तिला गिळून तिच्या जागी उभा राहतो.

आपल्याला हा प्रश्न परका नाही. छत्रपती संभाजीनगरच्या बीबी का मकबऱ्यावर ‘ताजची गरीब नक्कल’ हा शिक्का इतका पक्का बसला आहे की शाळेची सहल आवारात शिरण्यापूर्वीच मुलांना तो सांगितला जातो. संगमरवर कमी आणि चुन्याचा गिलावा जास्त, हे खरे. पण चुन्याच्या गिलाव्यातील त्या नाजूक नक्षीकडे पाहण्याची उसंत या एका वाक्याने कित्येक पिढ्यांकडून काढून घेतली. नक्कल म्हटले की पाहणे थांबते.

स्वित्झर्लंडमधील टिटलिस शिखरावर, तीन हजार मीटरच्या उंचीवर, ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ (१९९५) मधील नायक-नायिकेचे पुठ्ठ्याचे पुतळे उभे करण्यात आले. इंटरलाकेनमध्ये २०१६ साली यश चोप्रांचा पुतळा बसविला गेला. हा देखावा स्विस लोकांनी आपल्यासाठी मांडला आहे. येथे पाहणारेही आपण आणि दाखविलेले स्वप्नही आपलेच. मुरुड किंवा औशाहून गेलेले दांपत्य त्या पुठ्ठ्याशेजारी उभे राहून छायाचित्र काढते, तेव्हा ते आल्प्स पाहते की मुंबईने एकदा दाखविलेले आल्प्स पाहते? ते छायाचित्र पुढे दिवाणखान्याच्या भिंतीवर बरीच वर्षे राहते, आणि त्याच दांपत्याने गावच्या जत्रेत रंगविलेल्या पडद्यापुढे काढलेले जुने छायाचित्रही बहुधा त्याच भिंतीवर असते. मराठी प्रवासवर्णनाच्या अभ्यासकाने या दोन छायाचित्रांपासून सुरुवात करून पाहावी.