दुकानाची सूची आणि कलाकृतींचे नाते

ग्रंथ, गीतसंग्रह व चित्रपट एकत्र मांडणारी आंतरजालावरील दुकाने आता मराठी रसिकांच्या परिचयाची झाली आहेत. बारामती तालुक्यातील वडगाव निंबाळकरसारख्या गावी राहणाऱ्या वाचकास ज्या कादंबरीसाठी वा ध्वनिमुद्रिकेसाठी एके काळी शहराची वाट धरावी लागे, ती आज घरबसल्या मागविता येते. ही सोय लहान नव्हे. परंतु अशा दुकानाची सूची ही केवळ विक्रीची यादी नसते. चाळणाऱ्याच्या मनात ती नकळत वाङ्मयाचा एक नकाशा रेखाटीत असते. तो नकाशा कितपत विश्वसनीय आहे, हा समीक्षेचा प्रश्न होय.

या सूचीचे तत्त्व वस्तुभेदाचे आहे. वाचावयाचे ते एका कप्प्यात, ऐकावयाचे दुसऱ्यात, पाहावयाचे तिसऱ्यात. ‘जैत रे जैत’ या एकाच नावाची कृती अशा रीतीने तीन ठिकाणी विखुरते: गो. नी. दांडेकरांची कादंबरी, जब्बार पटेलांचा १९७७ चा चित्रपट आणि ना. धों. महानोरांची गीते व हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत असलेला गीतसंग्रह. चित्रपटात ही गीते अलंकारासाठी आलेली नाहीत. कादंबरीतील निवेदकाच्या वाणीचे बरेचसे कार्य तेथे त्यांच्याकडे सोपविले आहे. ठाकरांचा समूह त्यांतूनच बोलतो. तीच गीते सुटी ऐकली असता रानाची आणि प्रीतीची मधुर गाणी म्हणून कानी पडतात, आणि राणीमाशीच्या दर्शनासाठी झुरणारा व पुढे तिच्याच पोळ्यांवर चालून जाणारा नाग्या त्यांतून निसटतो.

‘नटरंग’च्या बाबतीत हे अंतर अधिक तीव्र आहे. आनंद यादवांच्या कादंबरीचा गाभा म्हणजे कुस्तीने कमावलेला देह तमाशातील नाच्यासाठी मोडून घेणाऱ्या गुणाची यातना. रवी जाधव यांच्या २०१० च्या चित्रपटात हे रूपांतर अतुल कुलकर्णी यांच्या देहावर प्रत्यक्ष दिसते. अजय-अतुल यांच्या संगीताच्या संग्रहात मात्र लावणीचा उल्हास प्रथम भेटतो, आणि त्या उल्हासाची किंमत कोणी चुकविली हे एकट्या श्रवणातून पुरते उमगत नाही.

गीताला स्वतंत्र जीवन असते, असा आक्षेप येथे घेतला जाईल. तो रास्त आहे. चित्रपट न पाहताही गीत आवडू शकते व आवडावेही. परंतु स्वतंत्र असणे निराळे आणि आपले गोत हरवून बसणे निराळे.

हे गोत कसे राखावे, याचा एक दाखला बारामतीच्याच परिसरात आहे. तेथे वास्तव्य केलेल्या मोरोपंतांनी (१७२९–१७९४) १०८ रामायणे रचली, असे परंपरा मानते. ‘निरोष्ठ रामायणा’त ओष्ठ्य वर्ण वर्ज्य आहेत, ‘परंतु रामायणा’ची घडण वेगळीच. कथा तीच, प्रत्येक नवे बंधन तिच्यातून नवे काही काढून घेते. ही कौतुकाची गंमत वाचकास कळते, कारण तो एका रामायणाच्या शेजारी दुसरे ठेवून वाचतो. ती रचना छंदांच्या वा युक्तींच्या निरनिराळ्या कप्प्यांत विखुरली असती, तर तिचे मर्मच हरपले असते.

दुकानाला दोष देऊन मात्र भागणार नाही. विक्रेत्याने वस्तू वेगळ्या ठेवाव्यात, हे त्याच्या व्यवसायास धरूनच आहे. खरा प्रश्न असा की, कादंबरी वाङ्मयाकडे, गीत संगीताकडे आणि चित्रपट अन्य कोणाकडे सोपविणारी अध्ययनाची रीत त्या कप्प्यांहून कितीशी निराळी आहे? ग्रंथ, गीत आणि चित्र शेजारी ठेवून त्यांतील प्रत्येकाने काय मिळविले व काय गमावले, याचा हिशेब मांडणे हे समीक्षेचे कार्य होय. ते झाले नाही, तर वडगाव निंबाळकरच्या वाचकाला तिन्ही वस्तू घरपोच मिळतील. त्यांचे परस्परनाते मात्र त्याच्या दारी कोणीही पोहोचविणार नाही.