ढळता षड्ज

गिटार हे वाद्य आमच्याकडे दोन प्रकारच्या लोकांच्या तावडीत सापडले आहे. एक वर्ग त्यास गोंगाटाचे साधन समजून कानांवर हात ठेवतो. दुसरा वर्ग वादकाची बोटे किती वेगाने धावतात एवढेच पाहून टाळ्या पिटतो. वादकाने नेमके काय वाजविले ते ऐकावयाचे नाही, याविषयी मात्र दोघांचेही एकमत आहे. नांदेड-लातूरकडील सुशिक्षित घरांतून मुलगा किंवा मुलगी गिटार शिकते, ही आता नवलाई राहिलेली नाही. आईबाप फी भरतात, वाद्य घेऊन देतात, आणि कार्यक्रमाच्या दिवशी पहिल्या रांगेत बसून, आपल्या अपत्याने चांगले वाजविले की वाईट हे शेजाऱ्याच्या चेहऱ्यावरून ताडण्याचा प्रयत्न करतात! तेव्हा या वाद्यावरील सर्वांत बिकट समजला जाणारा प्रकार, म्हणजे कॉर्ड्सच्या अवघड मालिकेवर आयत्या वेळी रचलेला सोलो, त्याची परीक्षा रसिकाने कशी करावी याचा विचार करणे अस्थानी होणार नाही.

आमच्या प्रांताचा कान अढळ षड्जावर पोसलेला आहे. सचखंड गुरुद्वारात पहाटे चालणारे कीर्तन घ्या, एकतारीवरचे भजन घ्या, अथवा ज्यांच्यापाशी नाथराव नेरळकरांसारखे गवई शिकले त्या नांदेडच्या अण्णासाहेब गुंजकरांची विद्या घ्या. सर्वत्र षड्ज एकदा लावला की मैफल संपेपर्यंत तो हलावयाचा नाही. गाणारा कितीही दूर जावो, घर आपल्या जागी उभे असते. पाश्चात्य संगीतात, आणि त्यातही जॅझ नावाच्या त्याच्या अमेरिकन शाखेत, प्रकार निराळा. तेथे साथीदार एकाच वेळी तीन-चार स्वर दाबून कॉर्ड वाजवितो, दोन-चार मात्रांनी दुसरी वाजवितो, आणि कित्येकदा या बदलाबरोबर षड्जच उचलून दुसरीकडे ठेवतो. सोलो वाजविणाऱ्यास वाक्य तर पुरे करावयाचे असते, पण ज्या ओट्यावर बसून ते सुरू केले तो ओटाच मध्यंतरी सरकलेला असतो.

या सरकण्याचे टोकाचे उदाहरण म्हणून जॉन कोलट्रेन या सॅक्सोफोनवादकाच्या ‘जायंट स्टेप्स’ या चिजेचे नाव घेतात. ती १९५९ च्या मे महिन्यात ध्वनिमुद्रित झाली आणि १९६० साली बाहेर आली. मूळ चीज सॅक्सोफोनची खरी. पण महत्त्वाकांक्षी गिटारवादकाच्या वाट्यास ती आज परीक्षेतील सक्तीच्या प्रश्नासारखी येते. तिचे आवर्तन चौसष्ट मात्रांचे. त्यात कॉर्ड्स सव्वीस. आणि लय अशी की संपूर्ण आवर्तन तेरा-चौदा सेकंदांत आटोपते. षड्ज तीन आहेत. पहिल्यास सा मानले तर दुसरा त्याच्या कोमल धैवतावर आणि तिसरा शुद्ध गंधारावर बसतो. पहिल्या बारा मात्रांतच या तिन्ही घरांचे उंबरे ओलांडून होतात. ज्याच्या जन्मात एकच सा आला, त्या आमच्या श्रोत्यास हे ऐकून भोवळ आली तर त्यात त्याचा दोष नाही.

आता कोलट्रेनने स्वतः या वाटेवर काय केले ते पाहण्याजोगे आहे. त्याचा सोलो विलक्षण तयारीचा आहे, यात शंका नाही. पण कान देऊन ऐकता एक गोष्ट ध्यानात येते: प्रत्येक नव्या कॉर्डवर तो फिरून फिरून ‘सा रे ग प’ असा चार स्वरांचा तुकडा त्या त्या कॉर्डच्या मूळ स्वरापासून बसवितो. भूप शिकणाऱ्या कोणत्याही मुलास हा तुकडा पहिल्या महिन्यात भेटतो. म्हणजे, जी उपज म्हणून जगाने डोक्यावर घेतली तिचा पुष्कळसा भाग घोटून घोटून हातात बसविलेला पलटा आहे. हे आम्ही उणेपणा दाखविण्यासाठी म्हणत नाही. इतक्या लयीत नवे सुचावयास माणसाजवळ वेळच नसतो. आमचे तानबाज गवईदेखील द्रुतात तेच करतात. मात्र पलट्यास पलटा म्हणावे, सुचलेल्यास सुचलेले म्हणावे. टीकाकाराने दोहोंची सरमिसळ करू नये.

याच ध्वनिमुद्रणात पियानोवर टॉमी फ्लॅनगन होता. त्याची पाळी आली तेव्हा तो दोन-चार वाक्ये बोलला, अडखळला, थांबला, आणि अखेरीस सुट्या स्वरांचा नाद सोडून नुसत्या कॉर्ड्स दाबीत राहिला. जॅझच्या इतिहासात हा प्रसंग फजितीचा नमुना म्हणून सांगितला जातो. आमचे मत निराळे आहे. कोलट्रेन घोकलेली वाट चालत होता; फ्लॅनगन अंधारात भिंत चाचपीत होता, आणि भिंत चाचपणाऱ्याचा हात आपल्याला त्या ध्वनिमुद्रिकेवर स्पष्ट ऐकू येतो. उपज या शब्दाचा अर्थ कळावयास तो अडखळलेला तुकडा अधिक उपयोगी आहे. पुढे १९८२ साली त्याने कोलट्रेनच्या स्मरणार्थ केलेल्या ध्वनिमुद्रिकेस हेच नाव दिले आणि हीच चीज फिरून वाजविली. ज्यास फजिती म्हणतात ती त्याने अशी तेवीस वर्षांनी उघडपणे हाती घेतली.

गिटारवर तर या चिजेचा मोह आणखीच घातक होतो, आणि त्याचे कारण वाद्याच्या रचनेतच आहे. गिटारच्या दांडीवरील प्रत्येक पडदा अर्ध्या स्वराच्या अंतराचा. षड्जापासून शुद्ध गंधार चार पडदे दूर. म्हणून सबंध हात आहे त्याच ठेवणीत चार पडदे वर किंवा खाली सरकविला की तोच तुकडा नव्या घरात आपोआप बिनचूक वाजतो. पियानोवाल्यास पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांची मांडणी दर वेळी नव्याने सोडवावी लागते. गिटारवाल्यास साचा मिळतो. साच्यातून गणपती जसे पटापट निघतात तसे सोलो निघतात, आणि त्यांचे चेहरेही तसेच एकसारखे असतात. शिकवणीच्या वर्गांतून ‘या कॉर्डवर हे स्केल, त्या कॉर्डवर ते स्केल’ असा जो रिवाज पडला आहे तो या साचेबंदपणास खतपाणी घालतो. मुलगा सव्वीस कॉर्ड्सना सव्वीस बरोबर उत्तरे देतो. पण सव्वीस उत्तरांचे एक वाक्य होत नाही, आणि श्रोत्यास का कोण जाणे कंटाळा येतो.

कंटाळ्याचे कारण सांधा नसणे हे होय. या बाबतीत आमच्याकडील जयपूर घराण्याच्या जोडरागांकडे बोट दाखवावेसे वाटते. बसंती केदार घ्या. बसंताचे ऋषभ-धैवत कोमल, केदाराचे शुद्ध. दोघांची प्रकृती परस्परांपासून दूर. परंतु षड्जावरून शुद्ध मध्यमावर जाणे दोहोंनाही मंजूर आहे, आणि म्हणून गवयास तेथे रूळ बदलता येतो. मल्लिकार्जुन मन्सूरांसारखा गवई हे इतक्या बेमालूमपणे करी की आपण केदारात आलो हे श्रोत्यास तेथे पोहोचल्यावर कळे. दोन रागांचे तुकडे शेजारी शेजारी मांडणारे गवई पुष्कळ. ज्या स्वरावर दोन्ही राग हक्क सांगतात तो स्वर हेरून त्यावर क्षणभर विसावणारे थोडे.

हीच कसोटी ‘जायंट स्टेप्स’ला लावून पाहावी. पहिल्या षड्जाचा पंचम पहिल्या कॉर्डमध्ये आहे, दुसऱ्या कॉर्डमध्ये आहे आणि तिसऱ्यातही आहे. त्याच षड्जाचा कोमल गंधार दुसऱ्या कॉर्डपासून पाचव्यापर्यंत सलग चारही कॉर्ड्समध्ये आहे. म्हणजे ज्या बारा मात्रांत तीन घरे बदलतात, त्या बारा मात्रा केवळ दोन स्वरांवर काढता येतात, आणि तरी वादक कोठेही चुकीच्या जागी उभा नसतो! मूळ चालीचे पहिले दोन स्वरही हेच आहेत. तिच्या कर्त्याने किल्ली दारातच टांगून ठेवली आहे. गंमत अशी की स्वर तोच राहतो, पण घर बदलताच त्याचे नाते बदलते. पहिल्या घरातील कोमल गंधार दुसऱ्या घरी पंचम होतो आणि तिसऱ्या घरी शुद्ध निषाद. आमच्याकडे सासरी आलेल्या मुलीचे नाव बदलण्याची चाल होती. मुलगी तीच, पण हाक निराळी. हे नामांतर ऐकविणे, एक स्वर धरून ठेवून त्याखालची जमीन सरकताना श्रोत्यास जाणवू देणे, ही या प्रकारच्या सोलोची खरी करामत आहे. तीस वेग लागत नाही. उलट वेगाने ती झाकली जाते.

येथे शुद्धतेचे अभिमानी एक आक्षेप घेतील आणि तो विचारात घेण्यासारखा आहे. गिटारचे पडदे, पेटीच्या स्वरांप्रमाणेच, समान अंतराने बसविलेले असतात. त्यांचा गंधार निसर्गाच्या गंधाराहून चढा असतो. पेटीवरील याच आक्षेपामुळे १९४० साली ऑल इंडिया रेडिओने तिला दार बंद केले आणि ते १९७१ पर्यंत उघडले नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर ग्रंथ लिहून या प्रश्नाची गणिती बाजू मांडली होती. आक्षेप खरा आहे. परंतु हिशेब करून पाहावा. शुद्ध गंधाराचे षड्जाशी प्रमाण पाचास चार. अशा तीन पायऱ्या चढलो तर १२५ भागिले ६४ येथे पोहोचतो. तार षड्ज असतो १२८ भागिले ६४ येथे. जवळजवळ दोन प्रमाणश्रुतींचे अंतर उरते. म्हणजे निर्दोष गंधाराचा आग्रह धरून कोलट्रेनच्या तीन घरांची प्रदक्षिणा केली तर माणूस स्वतःच्या घरी परतच येत नाही, शेजाऱ्याच्या ओसरीवर येतो. ही वाट मुळी चढ्या गंधाराच्या वाद्यांसाठीच अस्तित्वात आहे. अढळ षड्जाच्या संगीतास गंधाराची शुद्धता परवडते. ढळत्या षड्जाच्या संगीतास घरांची ये-जा हवी म्हणून ती थोडी विकावी लागते. सौदा महाग आहे, पण फसवणुकीचा नव्हे.

गिटारवर सांधा राखून बोलणारा वादक ऐकावयाचा असेल तर आम्ही वेस मॉन्टगोमेरीचे नाव घेऊ. हा १९२३ साली जन्मलेला अमेरिकन वादक नोटेशन वाचीत नसे आणि तारा अंगठ्याने छेडी. १९६० च्या त्याच्या ध्वनिमुद्रिकेवर ‘वेस्ट कोस्ट ब्लूज’ ही त्याची चीज आहे. पियानोवर योगायोगाने तोच फ्लॅनगन. साध्या ब्लूजच्या चौकटीत जास्तीच्या कॉर्ड्स घालून त्याने वाट वळणावळणाची केली आहे, पण ऐकणाऱ्यास वळणे मोजावीशी वाटत नाहीत. त्याच्या दीर्घ सोलोंची ठेवणही आपल्या ओळखीची: आधी एकेरी स्वर, मग मंद्र-मध्य जोडीने वाजणारे तेच स्वर, शेवटी भरघोस कॉर्ड्स. यास बढत याहून चांगला शब्द आम्हांस सुचत नाही.

आपल्याकडचा म्हणावा असा या वाद्याचा मोठा कलावंत अमान्सिओ डिसिल्वा. मूळ गोव्याच्या घराण्यातला, जन्म मुंबईत १९३६ साली, मृत्यू लंडनमध्ये १९९६ साली. गोव्याच्या चर्चशाळांनी नोटेशन व कॉर्ड्सची विद्या ज्या मुलांना दिली, त्यांनीच पुढे मुंबईची हॉटेले आणि चित्रपटांचे वाद्यवृंद भरून काढले. आणि त्याच चिमुकल्या गोव्याने केसरबाई केरकर व मोगूबाई कुर्डीकर या अढळ षड्जाच्या दोन सम्राज्ञी दिल्या. एका मातीत हे दोन कान शेजारी शेजारी वाढले, पण एकमेकांशी फारसे बोलले नाहीत. डिसिल्वाच्या १९६९ सालच्या ‘इंटिग्रेशन’ आणि जो हॅरियटबरोबरच्या ‘हम दोनो’ या ध्वनिमुद्रिकांत ते बोलू लागलेले ऐकू येतात. चिजांना जयपूर, गंगा, गोवा अशी नावे दिली म्हणून नव्हे. नावे कोणासही देता येतात. तो कॉर्ड्सची गर्दी कमी करतो आणि एखाद्या स्वरावरून उठावयास नाखूष असतो, म्हणून. भोवतालचे इंग्रज साथीदार कधी कधी या नाखुषीस पुरेसा वेळ देत नाहीत आणि चीज नेहमीच्या जॅझच्या वळणावर जाते, असे आमचे मत आहे. पण जेथे वेळ मिळतो तेथे तारेचा नाद विरेपर्यंत तो थांबतो.

आमच्या भागात गिटार शिकविणाऱ्यांनी एक प्रयोग करून पाहावा. तंबोरा, मग तो भ्रमणध्वनीवरचा का असेना, पहिल्या षड्जावर लावून ठेवावा आणि शिष्यास कॉर्ड्सची साथ न देता ती चौसष्ट मात्रांची वाट विलंबित लयीत गावयास सांगावी. पहिले घर सा, दुसरे कोमल धैवत, तिसरे शुद्ध गंधार. अढळ षड्जावर वाढलेल्या कानास तिन्ही घरे एकाच ओसरीवरून दिसतात, आणि ही सोय ज्यांच्याकडे तंबोरा नाही त्या देशांतील विद्यार्थ्यास नाही. गाऊन झाल्यावर वाद्य हाती द्यावे, आणि पहिल्या आठवड्यात दोनच स्वर वाजवू द्यावेत.