संपुटाचा वाक्यविचार

फेर्दिनां द सोस्यूर याच्या व्याख्यानांवरून त्याच्या मृत्यूनंतर १९१६ साली जो ग्रंथ सिद्ध झाला, त्यात भाषिक घटकांचे दुहेरी संबंध विशद करण्यासाठी स्तंभाचा दृष्टांत योजिलेला आहे. इमारतीतील स्तंभाचा एक संबंध त्याने पेललेल्या तुळईशी असतो. स्तंभ आणि तुळई ही दोन्ही एकाच वेळी प्रत्यक्ष उपस्थित असतात. तोच स्तंभ डोरिक धाटणीचा असला, तर पाहणाऱ्याच्या मनात आयोनिक आणि कोरिंथियन स्तंभ जागे होतात. ते मात्र तेथे नसतात. पहिला संबंध अन्वयाचा, दुसरा साहचर्याचा. भाषाशास्त्राने हा दृष्टांत वास्तुकलेकडून उसना घेतला. तो तिला परत करावयाचा झाल्यास वास्तुकलेचा विद्यार्थी नोकरीसाठी किंवा पुढील शिक्षणासाठी जो पोर्टफोलिओ सिद्ध करतो, म्हणजे ज्याला येथे संपुट म्हटले आहे, त्याचे परीक्षण हे योग्य स्थळ होय.

संपुट सुधारण्याविषयी जो उपदेश विद्यार्थ्यांत प्रचलित आहे तो बहुधा बाह्यांगापुरता असतो. अक्षरवळण कोणते घ्यावे, समास किती सोडावा, पार्श्वभूमी पांढरी ठेवावी की करडी, अशा स्वरूपाचा. तो निरर्थक नाही; पण शुद्धलेखन निर्दोष असलेल्या निबंधातही विचार विस्कळीत असू शकतो. नेहमीच्या संपुटाची रचना पाहावी. भारतातील पदवी अभ्यासक्रम पाच वर्षांचा, दहा सत्रांचा. पहिल्या सत्रापासून दहाव्यापर्यंतचे काम त्याच क्रमाने लावलेले असते : आधी छोटे घर, मग शाळा, मग वसतिगृह, रुग्णालय, संग्रहालय. प्रत्येकाला तितकीच पाने आणि प्रत्येकात तीच चित्रे. हा क्रम अभ्यासक्रमाचा आहे, विद्यार्थ्याचा नव्हे. सोस्यूरच्या परिभाषेत सांगावयाचे तर येथे स्तंभामागून स्तंभ उभे आहेत, तुळई कोठेच नाही. शाळेच्या चौकात जो प्रश्न सुटला नाही तोच वसतिगृहाच्या जिन्यापाशी पुन्हा उभा राहिला आणि तेथे सुटला, असे काही घडले असल्यास त्याची खूण वाचणाऱ्याला सापडत नाही. दहांपैकी सहा कामे गाळून उरलेल्या चारांत असा अन्वय दाखविता येतो. गाळणे हे विद्यार्थ्याला नुकसान वाटते. प्रबंध लिहिणाऱ्यालाही ते तसेच वाटते, आणि दोघेही चुकतात.

चित्रांच्या निवडीतही हाच दोष आढळतो. संगणकावर सिद्ध केलेली झगझगीत यथादर्शन चित्रे विपुल असतात. छेदचित्रे, म्हणजे विद्यार्थ्यांच्या बोलीतील सेक्शन, अंग चोरून कोपऱ्यात बसलेली असतात. चार्ल्स कोरिआ यांची मुंबईतील कांचनजंगा ही २८ मजली इमारत (१९८३) या संदर्भात उद्‌बोधक आहे. बाहेरून पाहणाऱ्याला तिच्या कोपऱ्यांत मोठमोठे चौकोन कोरून काढल्यासारखे दिसतात. ते नुसते दृश्य म्हणून पाहिले तर शिल्पकाराची लहर वाटावी. छेदचित्र पाहताच उलगडा होतो. मुंबईत वारा पश्चिमेकडून हवा, समुद्राचे दर्शनही तिकडूनच. परंतु दुपारचे ऊन आणि पावसाची झड यांची दिशाही तीच. जुन्या बंगल्यांनी हा पेच सभोवार व्हरांडा घेऊन सोडविला होता. कोरिआ यांनी तो व्हरांडा दुमजली उंचीची बाग करून वर नेला आणि घरांच्या पातळ्या एकमेकींत गुंतविल्या. यथादर्शन चित्र हा परिणाम दाखविते. त्याचे कारण छेदचित्रात आहे. ज्या संपुटात कारणे नाहीत ते पाहून विद्यार्थ्याची नजर कळेल, बुद्धी कळणार नाही.

आता चित्रांखालील मजकुराकडे वळावे. हा मजकूर बहुधा इंग्रजीत असतो. तो मराठीत असता तरी फारसा फरक पडला नसता, कारण दोष भाषेचा नसून शब्दनिष्ठेच्या अभावाचा आहे. ‘ही रचना अवकाशांच्या परस्परसंवादातून समूहभावनेचा शोध घेते’, या धाटणीचे वाक्य कोणत्याही संपुटातील कोणत्याही इमारतीखाली घालता येते. जे वाक्य कोठेही चालते ते कोठलेच नसते. वस्तुतः मराठी घराच्या शब्दसंपदेत अवकाशाचे भेद फार बारकाईने नोंदलेले आहेत. ओटा, ओसरी, पडवी, सोपा, देवडी, माजघर यांपैकी कोणताही शब्द उच्चारताच तेथे कोण बसतो, परका माणूस कोठपर्यंत येतो, ऊन कोठे थांबते, हे कळते. दोन तुळयांमधील अंतराला ‘खण’ म्हणत आणि खोली खणांनी मोजत. माप आणि बांधणी एकाच शब्दात आलेली आहेत. या शब्दांचा गौरव पूर्वजांच्या अभिमानापोटी करावयाचा नाही. काँक्रीटच्या बारा मजली इमारतीत पडवी हा शब्द जसाच्या तसा बसेल असेही नाही, आणि वाड्याची नावे देऊन सदनिका विकणाऱ्यांच्या जाहिराती हास्यास्पदच ठरतात. अपेक्षा इतकीच की चित्राखालील वाक्याने त्या शब्दांइतके तरी काम करावे. ‘पश्चिमेची झड आत येते, म्हणून वर्गांपुढील सोपा आठ फूट खोल घेतला, त्यामुळे वर्ग अंधारले, म्हणून मागील भिंतीत वर झरोके काढले’, एवढे लिहिले तरी पुरे. या वाक्यात दोन ‘म्हणून’ आहेत आणि दुसरा पहिल्याचे उणे कबूल करतो.

कर्त्याचा प्रश्न यापेक्षा गंभीर आहे. मराठीतील ‘करण्यात आले’ या प्रयोगाला व्याकरणकार नवीन कर्मणी म्हणतात. त्यात कर्ता सुखेनैव लोपतो, आणि शासकीय भाषेला तो प्रिय आहे याचे कारणही तेच. संपुटातील इंग्रजीही याच वळणाची असते. ‘जागेची पाहणी करण्यात आली, प्रतिकृती बनविण्यात आली.’ कोणाकडून? काम पाच जणांच्या गटाचे असते किंवा प्रशिक्षणकाळात एखाद्या कार्यालयात झालेले असते, आणि तेच चित्र पाचही संपुटांत निनावी अवतरते. या बाबतीत मोठ्यांचा कित्ताही फारसा निर्मळ नाही. फ्रँक लॉइड राइट याच्या कामाचे जे सुप्रसिद्ध संपुट बर्लिनच्या वास्मुथ या प्रकाशनसंस्थेने १९१०-११ साली काढले, त्यातील अनेक चित्रे मॅरियन महोनी हिच्या रेखाटनांवर आधारलेली आहेत. युरोपातील तरुण वास्तुकारांना त्या पानांनी भारून टाकले; नाव मात्र राइटचे झाले. तिच्या एका चित्रावर, डीऱ्होड्‌स यांच्या घराच्या, राइटने स्वहस्ते नोंद केली आहे की ते महोनीने राइट आणि हिरोशिगे यांना अनुसरून काढले. ही नोंद त्रोटक असली तरी तीत कर्ता आहे, आणि कोणाकडून काय घेतले तेही आहे. विद्यार्थ्याने गटकामाच्या प्रत्येक पानावर ‘छेदचित्र माझे, प्रतिकृती तिघांची’ इतके लिहिल्यास त्याचे श्रेय घटत नाही. उलट परीक्षकाला त्याच्या हाताची ओळख तेथेच प्रथम पटते.

येथे ‘सुधारणे’ या क्रियापदाचा श्लेष लक्षात घ्यावयास हवा. संपुट सुधारताना जुनी रचनाच सुधारून काढावी काय? आंद्रेआ पाल्लादिओ याने १५७० साली व्हेनिसमध्ये प्रसिद्ध केलेल्या चार ग्रंथांत स्वतःच्या इमारती जशा बांधल्या गेल्या तशा न दाखविता जशा असाव्या असे त्याला वाटले तशा दाखविल्या. विचेंझाजवळील रोतोंदा या वाड्याचा घुमट ग्रंथात उंच अर्धगोल आहे. पाल्लादिओच्या मृत्यूनंतर स्कामोत्झी याने तो पुरा केला तो त्याहून बसका. ग्रंथ लबाड आहे असे कोणी म्हणत नाही, कारण इमारत विचेंझात उभी आहे आणि ताडून पाहता येते. विद्यार्थ्याची इमारत कोठेच उभी नसते. तिचे अस्तित्व कागदावरच असल्यामुळे तिसऱ्या वर्षाचे चित्र पाचव्या वर्षी निमूटपणे बदलले की तिसरे वर्ष नाहीसे होते. फेरफार अवश्य करावा. परंतु जुने चित्र शेजारी लहान आकारात ठेवून दोहोंवर साल घालावे. परीक्षणाच्या वेळी, म्हणजे ज्यूरीत, त्या चित्रावर कोणता आक्षेप आला होता हेही एका ओळीत नोंदवावे.

संपुट हा पाहण्याचा विषय असून त्यात भाषाशास्त्राची लुडबूड कशाला, असा आक्षेप संभवतो. त्यात तथ्य आहे. शब्दाला भार पेलावा लागत नाही आणि वाक्य पावसात गळत नाही. वास्तूची ‘भाषा’ हे रूपक ताणले की तुटते. मात्र संपुट ही वास्तू नव्हे. ते वास्तूविषयीचे निवेदन आहे. निवेदनाला आरंभ, क्रम आणि कर्ता लागतो, हे सांगण्याचा अधिकार भाषेच्या अभ्यासकाला असावा.

एक वस्तू मात्र बहुतेक संपुटांत मुळीच नसते, ती म्हणजे कच्ची वही. जागेवर उभे राहून पेन्सिलीने काढलेला उतार, पावलांनी मोजलेली रुंदी, खोडलेला जिना आणि त्याच्या बाजूला काढलेला दुसरा. ही पाने मळकी असतात, म्हणून ती घरी राहतात. तीन-चार पाने जशीच्या तशी घेतली, तर वर मागितलेले ‘म्हणून’ वाचणाऱ्याला शब्दांवाचूनही दिसतील. आणि खोडलेल्या जिन्याखाली मजकुराची गरजही कदाचित पडणार नाही.