टेबलक्लॉथखालचा मुलगा

फ्रँकफुर्टचा डॉक्टर हाइन्रिश हॉफमान १८४४च्या नाताळासाठी आपल्या तीन वर्षांच्या मुलाला द्यायला चित्रांचं पुस्तक शोधत होता. दुकानात मिळालेली पुस्तकं त्याला पसंत पडेनात. शेवटी त्यानं कोरी वही आणली आणि स्वतःच गोष्टी रचून चित्रं काढली. पुढच्या वर्षी ही वही छापली गेली आणि 'श्ट्रुव्हेलपेटर' म्हणून जगभर पोचली. मार्क ट्वेननंही तिचा अनुवाद केला. पुढच्या आवृत्त्यांत गोष्टींची भर पडत गेली. त्यांतली दोन मुलं आज वैद्यकीय लेखनात वारंवार भेटतात : जेवणाच्या टेबलावर चुळबुळ करणारा फिलिप आणि आकाशाकडे बघत चालणारा हान्स. जर्मन लोक एडीएचडीला बोलताना अजूनही 'त्सापेलफिलिप सिंड्रोम', म्हणजे चुळबुळ्या फिलिपचा आजार, म्हणतात.

हॉफमान पुढे मनोरुग्णालयाचा प्रमुख झाला. म्हणून त्याला हा विकार आधीच दिसला होता का, यावर बरीच चर्चा झाली आहे. मला त्यात फारसा रस नाही. बालगीतावरून निदान होत नसतं. मला प्रश्न पडतो तो वेगळा : या गोष्टी कुणाच्या खुर्चीत बसून सांगितल्या आहेत? कारण एडीएचडी 'सोप्या भाषेत' समजावताना आपण अजून त्याच खुर्चीत बसतो.

फिलिपची गोष्ट बापाच्या वाक्यानं सुरू होते. आज तरी हा मुलगा नीट बसतो का बघू, असा त्याचा सूर. आई नुसती टेबलावरून नजर फिरवते. फिलिप खुर्ची मागेपुढे झुलवतो, खुर्ची कलंडते, तो टेबलक्लॉथ धरतो आणि सगळं जेवण खाली येतं. पूर्ण गोष्टीत फिलिपच्या तोंडी ओरडण्यापलीकडे एक शब्दही नाही. शेवटी तो टेबलक्लॉथखाली पूर्ण झाकला गेलेला आहे. आपल्याला दिसतं ते फुटलेलं सूपचं भांडं, आणि जेवायला काही न उरल्यामुळे संतापलेले आईवडील. मुलाला लागलं का, हे कुणी विचारत नाही. नुकसानीची नोंद मात्र चोख आहे.

हान्सची गोष्ट मला जास्त चांगली वाटते. शाळेत जाताना तो छपरं, ढग, पाकोळ्या बघतो. समोरून येणाऱ्या कुत्र्यावर आदळतो; नंतर थेट नदीत पडतो. दोन माणसं काठ्यांनी त्याला बाहेर काढतात, दप्तर वाहून जातं आणि मासे त्याला हसतात. इथेही मुलगा फजितीचाच धनी आहे. पण हॉफमान, कदाचित नकळत, एक गोष्ट करतो : हान्स कुठे बघत होता ते सांगतो. हान्सचं लक्ष होतं, आणि पुष्कळ होतं. ते रस्त्यावर नव्हतं, एवढंच.

मराठीत या दोघांसाठी शब्द तयार आहेत. एकाच्या पायाला भिंगरी लागलेली असते, दुसरा वेंधळा असतो. दोन्ही शब्द प्रेमानंही वापरले जातात, पण दोन्ही बघणाऱ्याचे आहेत. भिंगरी लागलेल्याला स्वतःला काय वाटतं, यासाठी मात्र मला पटकन शब्द आठवत नाही.

आता निदानाचे निकष वाचू. २०१३ साली आलेल्या 'डीएसएम-५'मध्ये अवधानाच्या अभावाची नऊ आणि अतिचंचलता-उतावीळपणाची नऊ लक्षणं आहेत. मुलांमध्ये एका गटातली किमान सहा लागतात, सतरा वर्षांपुढे पाच. काही लक्षणं बारा वर्षांच्या आधीपासून असावी लागतात, ती एकाहून जास्त ठिकाणी दिसावी लागतात आणि त्यांनी जगण्यात अडथळा यायला हवा. ही चौकट गरजेची आहे; तिच्याशिवाय प्रत्येक कंटाळा हा आजार ठरेल. पण तिची भाषा पाहा. अपेक्षा असताना जागेवर न बसणं. इतरांच्या बोलण्यात मध्ये पडणं. थेट बोललं तरी ऐकत नसल्यासारखं वाटणं. कुणाला वाटणं? अर्थात बोलणाऱ्याला. धावपळ करण्याच्या लक्षणाखाली एक छोटी टीप आहे की मोठ्यांमध्ये हे केवळ अस्वस्थ वाटण्यापुरतं असू शकतं. आतून काय वाटतं ते तिथे डोकावतं. बाकी यादी बरीचशी टेबलाभोवती बसलेल्यांची आहे.

मग आतलं समजावण्यासाठी उपमा येतात. सर्वांत गाजलेली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ नेड हॅलोवेल यांची : मेंदूचं इंजिन फेरारीचं, ब्रेक सायकलचे. ऐकायला छान आहे, मुलाला कमीपणाही वाटत नाही. पण मी सॉफ्टवेअर लिहिते, आणि मॉडेलकडून माझी साधी अपेक्षा असते : त्यावरून पुढचं काहीतरी सांगता यावं. फेरारी थांबत का नाही, हे या उपमेतून कळतं. ती सुरूच का होत नाही, हे कळत नाही. दहा मिनिटांचा फॉर्म तीन आठवडे पडून का राहतो? तोच माणूस आवडीच्या कामात जेवणखाण विसरून सहा तास कसा बसतो? माझ्या व्यवसायातली आवडती उपमा ब्राउझरच्या उघड्या टॅबची. तीही इथे अडते. टॅब बंद करून प्रश्न सुटत नाही.

रसेल बार्कली गेली अनेक वर्षं मांडत आले आहेत की अडचण ज्ञानाची नसून स्वतःला आवरण्याची आणि वळवण्याची आहे. काय करायचं ते माहीत असतं. माहीत असलेलं वेळेवर हातून घडत नाही. मला ते बँकेतल्या टोकनसारखं दिसतं. रांग आहे, नंबर आहेत, कुणाचं काम तातडीचं तेही ठाऊक आहे. पण खिडकी नंबरानं चालत नाही. जे नवीन, जे आवडीचं, ज्याची मुदत आत्ता संपतेय, त्यालाच आत घेतलं जातं. 'जरा मनावर घे' म्हणणं म्हणजे नंबर आणखी मोठ्यानं पुकारणं. मेथिलफेनिडेटसारखी औषधं मेंदूत डोपामिन आणि नॉरअॅड्रेनालिन अधिक उपलब्ध करतात, तेव्हा पुष्कळांच्या बाबतीत खिडकी नंबराला थोडी जास्त जुमानते. माझीही उपमा कुठेतरी तुटेलच. पण न सुरू होणारा फॉर्म आणि न संपणारे सहा तास, दोन्ही तिच्यात बसतात.

हे शब्दांचं भांडण वाटेल, पण त्यावर कुणाला मदत मिळते ते ठरतं. फिलिप सूप सांडतो, म्हणून त्याच्याकडे लक्ष जातं. हान्स फक्त स्वतःचं दप्तर घालवतो. 'डीएसएम-५'नुसार मुलांमध्ये हा विकार मुलग्यांत मुलींच्या साधारण दुप्पट दिसतो, मोठ्यांमध्ये ही तफावत कमी होते. आणि मुलींमध्ये प्रामुख्यानं अवधानाची लक्षणं असण्याचा संभव जास्त असतो. म्हणजे मुली पुष्कळदा हान्स असतात. माझ्या प्रगतिपुस्तकांवर वर्षानुवर्षं एकच शेरा होता : हुशार आहे, पण लक्ष नसते. मी वर्गात कुणाला त्रास देत नव्हते, त्यामुळे शेऱ्याखाली सही होऊन पुस्तक परत जायचं. निदान झालं ते सव्विसाव्या वर्षी. तोवर आळस, निष्काळजीपणा हे शब्द मी बाहेरून उचलून स्वतःबद्दल वापरायला शिकले होते. आजूबाजूला दुसरी भाषाच नसेल तर माणूस स्वतःचं वर्णनही टेबलाच्या बाजूनंच करतो.

म्हणून एडीएचडीवरचं काही वाचताना मी एवढंच पाहते : यात फक्त काय सांडलं ते लिहिलंय, की मूल कुठे बघत होतं तेही? हॉफमानच्या पुस्तकात दोन्ही तऱ्हा सापडतात. आजाराला नाव मात्र फिलिपचं मिळालं. सोप्या भाषेत समजावायचंच असेल, तर सुरुवात हान्सपासून करावी. तिथे निदान छपरं, ढग आणि पाकोळ्या तरी आहेत.