रंग द्रव्यात की रचनेत?

मैफल 'रंगते', भजन 'रंगात येते', आणि साध्या गोष्टीला कुणी 'भलताच रंग देतो'. डोळ्यांच्या विषयासाठी असलेला हा शब्द कानाच्या आणि मनाच्या व्यवहारात इतक्या सहजपणे वावरतो, की ते रूपक आहे हेही आपल्या ध्यानात राहत नाही. 'राग' हा शब्दही 'रञ्ज्', म्हणजे रंगणे, याच धातूपासून आलेला आहे. तेव्हा स्वराला रंग असतो की नाही, हा वाद फारसा उरत नाही. विचारायला हवे ते हे, की तो रंग असतो कोठे?

आपल्या शास्त्रकारांनी याचे उत्तर कोष्टकाच्या रूपाने दिले. नाट्यशास्त्राने शृंगाराला श्याम, हास्याला शुभ्र, करुणाला पारव्याचा, तर रौद्राला लाल वर्ण दिला. तेराव्या शतकात देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकरा'त स्वरांचे वर्ण सांगितले: षड्ज कमळासारखा, गांधार सोनेरी, मध्यम कुंदफुलासारखा, पंचम काळा. उपासकाला आणि चित्रकाराला अशा कोष्टकांचा आधार वाटला असेल. समीक्षेला मात्र त्यांनी आळशी केले. निळा म्हणजे शांती, भगवा म्हणजे वैराग्य, असे लिहून आजही चित्रांची आणि मैफलींची परीक्षणे उरकली जातात.

या वाटणीला जुन्या काळीही विरोध झाला होता. ज्या भोजराजाचा इ.स. १०२० चा ताम्रपट आपल्या बेटमा येथे सापडला आणि ज्यात कोकणविजयाच्या पर्वानिमित्त दिलेल्या दानाची नोंद आहे, त्याच भोजाने 'शृंगारप्रकाशा'त रस मुळात एकच, असा पक्ष मांडला. रसच एक म्हटल्यावर ठरावीक रसाला ठरावीक रंग ही विभागणी डळमळते.

निसर्गाची साक्षही याच बाजूची आहे. शेताच्या बांधावर सापडणारे मोराचे पीस घ्या. त्यात निळे किंवा हिरवे रंगद्रव्य मुळीच नसते. असते ते मेलॅनिन, गडद तपकिरी. त्याच्या अतिसूक्ष्म कांड्या जाळीसारख्या मांडलेल्या असतात, आणि त्यांच्यातील अंतर किंचित बदलले की प्रकाश कोठे निळा, कोठे हिरवा, कोठे सोनेरी होऊन परततो. पीस कुटून पूड केली, तर हाती मातकट भुकटी येते. द्रव्य तेच राहते, रचना मोडते, आणि रंग जातो.

भूप आणि देशकार यांचेही असेच आहे. दोघांचे स्वर तेच पाच: सा, रे, ग, प, ध. प्रत्येक स्वराला स्वतःचा कायमचा रंग असता, तर दोन्ही राग एकाच रंगाचे झाले असते. पण गांधारावर विसावणारा, पूर्वांगात रमणारा भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, आणि धैवताला धरून उत्तरांगात खुलणारा देशकार सकाळचा. इंदूरचे चित्रकार विष्णू चिंचाळकर (१९१७–२०००) वाळकी पाने, साली, काटक्या यांतून चेहरे आणि पक्षी उभे करीत. पाचोळ्याचा तपकिरी रंग तपकिरीच राहतो, पण शेजार बदलला की तो कधी पंख होतो, कधी म्हाताऱ्याची सुरकुती.

मग द्रव्याला काहीच किंमत नाही काय? याचे उत्तर पांढरा मोर देतो. त्याच्या पिसांत मेलॅनिन नसते, आणि मागचा तो काळोख नसल्यामुळे निळाई उमटतच नाही. रचनेला आधारभूत द्रव्य लागतेच. १९४८ साली देवासला आलेल्या कुमार गंधर्वांनी माळव्याच्या लोकधुना ऐकल्या आणि त्यांतून 'धुनउगम' राग घडविले. त्या धुनांमुळे त्यांच्या गाण्याला नवा रंग आला, कारण रागसंगीताची पक्की जमीन त्यांच्यापाशी आधीच होती.

हा विचार आपल्या घरापर्यंत येतो. पिढ्यान्‌पिढ्या माळव्यात राहिलेल्या आपल्या कुटुंबांच्या मराठीत माळवी हेल आणि हिंदी वाक्यवळणे आली आहेत. पुण्याचे पाहुणे त्यावर हसतात, आणि आपणही संकोचून मुलांची वाक्ये दुरुस्त करतो. या संकोचाचे कारण नाही. शब्दांची मांडणी इथल्या मातीची झाली, म्हणून भाषा डागाळत नाही. तिला आलेला तो रंग आहे. चिंता करायची ती दुसऱ्याच गोष्टीची. हसू नये म्हणून मुलांनी मराठी बोलणेच सोडले, तर आधाराचे द्रव्यच जाईल, आणि मग कोणतीही मांडणी आपल्याला पांढऱ्या मोरापलीकडे नेणार नाही.