‘ज्ञानप्रकाशा’चें आयुष्य : एक टीका

पुण्याच्या ‘ज्ञानप्रकाशा’विषयीं जें लिहिलें जातें त्यांत बहुधा दोन गोष्टी ठळकपणें येतात : १८४९ हें जन्मवर्ष आणि ‘शतायुषी दैनिक’ ही पदवी. पहिली खरी आहे. दुसरी अर्धसत्य असून म्हणूनच अधिक घातक आहे. १२ फेब्रुवारी १८४९ रोजीं निघालें तें सोमवारचें साप्ताहिक होतें. पुढें तें आठवड्यांतून दोनदां निघूं लागलें, आणि दैनिक झालें तें १९०४ सालीं, म्हणजे पंचावन्न वर्षांनीं. शंभरी उलटल्यावर तें लवकरच बंद पडलें. तेव्हां दैनिकपणाचा काळ निम्म्याहूनही कमीच भरतो.

हा भेद क्षुल्लक नव्हे. केवळ पुष्पिका वाचून ग्रंथाचा काळ ठरविणारास आपण हंसतों. वर्तमानपत्राच्या शिरोभागीं असलेली तारीख मात्र प्रसंगाचीच समजून खुशाल उतरून घेतों. १८४९ सालीं पुण्यास तार नव्हती, आगगाडी नव्हती. मुंबईचें वर्तमान टपालानें बोरघाट चढून यावयाचें, आणि आल्यावरही सोमवारची वाट पाहत पडून राहावयाचें. पुणें-खंडाळा लोहमार्ग १८५८ सालीं सुरू झाला. घाटांतील काम पुरें होऊन मुंबईशीं सलग दळणवळण झालें तें १८६३ सालीं. सबब आरंभींच्या अंकांतील ‘नुकतेंच’ आणि १९०४ नंतरच्या अंकांतील ‘काल’ यांची किंमत एक धरतां येत नाहीं.

शकाच्या रूपांतरांत याहून ढोबळ चूक संभवते. १८४९ मधून ७८ वजा केले कीं १७७१ येतात. परंतु तो दिवस पाडव्यापूर्वींचा. तेव्हां शके १७७० चा माघ चालू होता. ही एका वर्षाची चूक एखाद्या सूचींत शिरली म्हणजे पुढचा शोधक नसलेला अंक धुंडाळीत बसतो.

मालकीसंबंधींही असाच घोटाळा आहे. गोपाळराव गोखल्यांनीं १९०५ सालीं स्थापिलेल्या भारत सेवक समाजाकडे हें पत्र १९०९ मध्यें आलें. त्यापूर्वींच्या साठ वर्षांसही समाजाचें मुखपत्र म्हणणें म्हणजे दत्तकाचें नवें गोत्र त्याच्या जनकास लावण्यासारखें आहे! १८७७ च्या दुष्काळांत सत्यशोधक समाजाचें विनंतिपत्रक याच पत्रांत छापलें गेलें. गोखले तेव्हां अकरा वर्षांचे होते.

हें विनंतिपत्रक म्हणजे कांहीं संपादकाचा अग्रलेख नव्हे, हें ध्यानांत घ्यावें. आमचे संग्राहक अग्रलेख कापून ठेवितात आणि जाहिराती, बाजारभाव, वाचकांचीं पत्रें रद्दींत घालितात. मोडी रुमालांतील धान्याच्या यादीस जपणारानें छापील भावास तुच्छ कां लेखावें, हें मला तरी उमगत नाहीं.

यांतही दैनिकाच्या काळाचीच हानि अधिक होणार आहे. चिंध्यांचा कागद शतकें टिकतो; लांकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद एका पिढींत पिवळा पडून घडीवर तुटतो. म्हणून ज्यांच्या घरीं १९०४ नंतरचे गठ्ठे असतील त्यांनीं ते जुन्या अंकांच्या आधीं उघडावे, घडी मोडून सपाट ठेवावे, आणि सूची करितांना वार, अंक, पृष्ठसंख्या व गहाळ पानें यांची नोंद अवश्य करावी. नुसतें ‘ज्ञानप्रकाश, एक गठ्ठा’ एवढें लिहून भागणार नाहीं.