ओकच्या जाळीतलं चांदणं

शिकागोच्या हाइड पार्क भागात, विद्यापीठाच्या आवारालगत, रॉबी हाउस नावाचं विटांचं घर आहे. फ्रँक लॉइड राइटनं आखलेलं हे घर 1910 मध्ये बांधून पूर्ण झालं. त्याच्यावर लिहिणारे बहुतेक जण बाहेरून सुरुवात करतात, आणि त्यात नवल नाही. पश्चिमेकडचं छप्पर शेवटच्या आधाराच्या पुढे वीस फूट अधांतरी गेलेलं आहे. ते पाहिलं की नजर तिथंच अडकते. मला मात्र आतल्या दिवाणखान्यातल्या दिव्यांबद्दल लिहायचं आहे. आगीच्या शेजारी, लाकडाच्या पोटात विजेचा उजेड कसा ठेवावा, याचं इतकं विचारपूर्वक दिलेलं उत्तर मला दुसरीकडे आढळलेलं नाही.

आधी खोली समजून घेऊ. वरच्या मजल्यावर एक लांबच लांब दालन आहे. त्याच्या एका टोकाला दिवाणखाना, दुसऱ्या टोकाला जेवणाची जागा, आणि दोन्हींच्या मध्ये विटांची फायरप्लेस. खोलीच्या दोन भागांना वेगळं करणारी भिंत ती हीच. पण राइटनं ती छतापर्यंत सलग भरून टाकली नाही. आगीच्या जागेच्या वर त्यानं विटांमध्ये एक मोठी चौकोनी पोकळी मोकळी सोडली. दिवाणखान्यात उभं राहिलं की त्या पोकळीतून पलीकडचं छत दिसतं. फायरप्लेसचा एवढा मोठा विटांचा भार खोलीच्या मधोमध बसलेला आहे, तरी छत त्याच्या डोक्यावरून वाहत पलीकडे गेलेलं आहे.

या छतावरच सगळी गंमत आहे. मधला भाग उंच आणि दोन्ही कडांचे भाग खाली उतरलेले. आडव्या ओकच्या पट्ट्या ठरावीक अंतरानं एका कडेकडून दुसरीकडे गेल्या आहेत, आणि जिथं उंच छत संपून बुटकं छत सुरू होतं तिथं, पट्टीच्या टोकाशी, चौकोनी लाकडी चौकटीत पांढऱ्या काचेचा एक गोल दिवा धरलेला आहे. दिवा छताला टांगलेला वाटत नाही. पट्टी जिथं वळते तिथं तिनं तो आपल्या हातात घेतलाय असं वाटतं. गोल काच, चौकोनी लाकूड, लांब रेघ. तीनच आकार, पण ते एकमेकांशिवाय अपुरे आहेत. चौकट काढून घेतली तर काचेचा गोळा नुसता बल्ब राहील. गोळा काढला तर पट्टी कुठं थांबावं हे विसरेल.

दुसरा उजेड पटकन लक्षात येत नाही. कडेच्या बुटक्या छतात ओकच्या जाळ्या बसवलेल्या आहेत आणि त्यांच्या वर बल्ब लपवलेले आहेत. बल्ब दिसत नाही, दिसते ती जाळी. खाली पडतो तो उजेड आणि जाळीच्या आकाराची सावली, दोन्ही एकदम. गोल दिव्यांच्या उजेडाला सूर्यप्रकाश आणि या जाळीतल्या उजेडाला चांदणं असं म्हणायची पद्धत आहे, आणि ती मला नुसती कौतुकाची वाटत नाही. दिवसाचा उजेड एका ठिकाणाहून येतो, त्याचं उगमस्थान दाखवता येतं. चांदणं झाडातून झिरपून येतं, आणि आपण चंद्राकडे न पाहता जमिनीवरची नक्षी पाहतो. राइटनं हा फरक सुतारकामात उतरवला.

रेनर बॅनहॅम या इंग्लिश समीक्षकानं 1969 मध्ये घरांच्या उष्णता, हवा आणि प्रकाश यांच्या व्यवस्थेवर एक मोलाचं पुस्तक लिहिलं, त्यात या घराचा विचार आहे. वायरी, नळ्या, दिवे ही मागाहून चिकटवायची सामग्री नसून वास्तुकलेचाच भाग आहे, हा त्या पुस्तकाचा आग्रह. रॉबी हाउसचं छत पाहिलं की तो पटतो. ज्या काळात विजेचा दिवा म्हणजे गॅसच्या झुंबराला बल्ब जोडून मिरवायची नवलाई होती, त्या काळात इथं दिव्याची जागा लाकडाच्या आखणीबरोबरच ठरलेली होती.

आणि आग? घर तापवण्याची जबाबदारी तिच्यावर नव्हतीच, त्यासाठी बॉयलर होता. आग होती ती माणसांनी तिच्याभोवती बसावं म्हणून. म्हणूनच दिवे छताच्या दोन्ही कडांना गेले आणि मधली जागा आगीला मोकळी राहिली. देवघरात समई तेवत असताना तिच्या डोक्यावर ट्यूबलाइट लावली तर समई विझलेली नसते, पण दिसेनाशी होते. राइटला हे नेमकं कळलं होतं.

ज्याच्यासाठी हे घर बांधलं त्या फ्रेडरिक रॉबीला ते फार काळ लाभलं नाही. 1911 च्या अखेरीस त्याला ते विकावं लागलं. पुढे दोनदा ते पाडायचा घाट घातला गेला, आणि 1957 मध्ये नव्वदीला टेकलेला राइट स्वतः त्याच्या बाजूनं उभा राहिला. 2019 मध्ये त्याच्या इतर सात वास्तूंबरोबर ते जागतिक वारशाच्या यादीत आलं.

आता तोच प्रश्न साध्या घरात आणून पाहावा. अमेरिकेत, इंग्लंडमध्ये अनेक घरांत फायरप्लेसवर जाड लाकडी तुळई बसवतात, तिला मँटल म्हणतात, आणि तिच्यात एलईडीची पट्टी बसवायची हौस आता सार्वत्रिक आहे. हौस चांगली आहे. फक्त हे काम दिव्यापासून सुरू न करता आगीपासून सुरू करायला हवं. अमेरिकेतल्या घरबांधणीच्या आदर्श नियमांत अंतराचं गणित दिलेलं आहे: आगीच्या तोंडापासून सहा इंचांच्या आत लाकूड नको, आणि बारा इंचांच्या आत असलेलं लाकूड प्रत्येक इंच अंतरामागे एक अष्टमांश इंचापेक्षा पुढे यायला नको. म्हणजे आठ इंच वर असलेली फळी फार तर एक इंच पुढे येऊ शकते. भारदस्त तुळई हवी असेल तर ती बारा इंचांच्या वरच गेली पाहिजे. गरम हवा वर चढते आणि पहिल्यांदा तुळईच्या पोटावर आदळते, म्हणून एलईडीला सगळ्यात जास्त जपावं लागतं ते तिथंच. उष्णतेनं एलईडीचं आयुष्य घटतं. तिचा वीजपुरवठ्याचा डबा तर तुळईत कोंडूच नये. तो बाजूच्या कपाटात, हात पोचेल असा ठेवावा.

पट्टीला अॅल्युमिनियमच्या पन्हाळीत बसवतात, ती उष्णता शोषून पसरवते. दोन मीटरची पन्हाळी तीस अंशांनी तापली की सव्वा ते दीड मिलिमीटर लांबते. लाकूड मात्र रेषांच्या दिशेनं फारसं हलत नाही. पन्हाळी गोंदानं पक्की चिकटवली तर कुठंतरी ताण येणारच. म्हणून खाचेत टोकाशी थोडी मोकळीक ठेवून ती क्लिपांवर बसवणारा सुतार मला मनापासून आवडतो. त्याला दोन्ही पदार्थांचा स्वभाव माहीत असतो.

खाच कुठं काढायची हे खुर्चीत बसून ठरवावं. तुळई सुमारे साडेचार-पाच फुटांवर असते आणि बसलेल्या माणसाची नजर तिच्याखाली असते, त्यामुळे पुढच्या कडेला खालून काढलेली खाच थेट डोळ्यांत येते. लाकडाची बारीकशी पुढची ओठी ठेवून, तिच्या आड मागच्या बाजूला पट्टी गेली की उजेड भिंतीच्या दगडावरून घसरत खाली येतो आणि दगडाचा प्रत्येक उंचवटा दिसू लागतो. भिंत गुळगुळीत गिलाव्याची असेल तर हाच उजेड थापीच्या खुणा उघड्या पाडतो. तिथं पट्टी भिंतीपासून थोडी लांब हवी. भिंत चकचकीत ग्रॅनाइटची असेल तर दुधी झाकण नसलेल्या पट्टीचे ठिपके जसेच्या तसे उमटतात.

रंगाबद्दल एक मत ठाम सांगतो. मेणबत्तीच्या ज्योतीचा रंग साधारण 1,900 केल्विनच्या आसपास असतो, बाजारातला ‘वॉर्म व्हाइट’ दिवा 2,700 ते 3,000 चा. आग पेटलेली असताना तो पांढुरकाच दिसतो. म्हणून मंद करता येणारा, आणि मंद होताना पिवळसर होत जाणारा दिवा घ्यावा. तुळईच्या वरच्या कडेला भिंतीवर वर जाणारा उजेड आणि खालच्या कडेचा उजेड यांची बटणंही वेगळी ठेवावीत. आग पेटली की खालचा बंद, वरचा अगदी मंद. रॉबी हाउसमध्ये सूर्य आणि चांदणं वेगळं होतं, तसंच. पण हे मिस्त्रीला काम सुरू होण्याआधी सांगावं लागतं. एकदा तुळई भिंतीवर चढली की मागून दुसरी वायर ओढायला जागा राहत नाही.